सवलतीतलं हलकं इन्सुलेटेड जॅकेट घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅकेटवर ‘४० टक्के सूट’ असं लिहिलेलं असतं, त्यातला ४० हा आकडा जॅकेटाबद्दल काहीच सांगत नाही. कामाचे आकडे वेगळेच असतात: आत भरण किती ग्रॅम आहे, कोणत्या प्रतीचं आहे, वरचं कापड किती पातळ आहे. खालचे प्रश्न साधारण ५०० ग्रॅमच्या आतल्या, ट्रेकच्या सॅकमध्ये सहज कोंबता येणाऱ्या जॅकेटांपुरते आहेत. हिमशिखरांवर न्यायची जाडजूड पार्का हा वेगळा विषय.

सूट खरी की दिखाऊ, हे पटकन कसं ओळखायचं?

एक गुणाकार करा. डाउनचं, म्हणजे बदक-हंसांच्या अंगालगतच्या मऊ पिसांचं, जॅकेट असेल तर फिल पॉवर गुणिले फिल वेट.

फिल पॉवर म्हणजे पिसांची प्रत. साधारण २८ ग्रॅम, म्हणजे एक औंस डाउन नळकांड्यात ठरावीक दाबाखाली किती घन इंच जागा व्यापतं, तो हा आकडा. ६०० ही बरी प्रत, ८०० उत्तम, ९०० च्या पुढची चैन. फिल वेट म्हणजे जॅकेटात प्रत्यक्ष भरलेल्या डाउनचं वजन. ऊब पिसं देत नाहीत, पिसांनी अडवून धरलेली हवा देते. म्हणून प्रत आणि वजन दोन्ही लागतात.

दोन जॅकेटं घेऊ. पहिल्यात ८०० प्रतीचं ७० ग्रॅम डाउन, दुसऱ्यात ६०० प्रतीचं ११० ग्रॅम. गुणाकार येतात ५६,००० आणि ६६,०००. लिटरमध्ये सांगायचं तर पहिल्याचा फुगवटा सुमारे ३२ लिटर, दुसऱ्याचा ३८. शिवण आणि माप सारखं असेल तर ‘हलक्या प्रतीचं’ दुसरं जॅकेटच जास्त ऊबदार. त्याची शिक्षा एवढीच की ते सॅकमध्ये थोडं जास्त वजन आणि जागा खातं. आता दोघांची सवलतीतली किंमत या आकड्यांशेजारी मांडा. पहिल्यावर मोठी सूट असूनही ते महाग पडतंय असं बऱ्याचदा दिसतं.

फिल पॉवर मोजायच्या पद्धती सगळीकडे एकच नाहीत, त्यामुळे ७५० आणि ८०० असल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. ५५० आणि ८०० मधला फरक मात्र खरा.

फिल पॉवर ठळक लिहिलीय, पण फिल वेट कुठेच नाही. मग?

विक्रेत्याला विचारा. चांगले उत्पादक हा आकडा देतात, बहुधा मध्यम मापासाठी. उत्तर आलंच नाही तर एकूण वजनावरून अंदाज बांधा. १० डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पातळ कापडाचं, हुड असलेलं जॅकेट नुसतं कापड, चेन आणि इलॅस्टिक धरून दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे एकूण २२० ग्रॅमच्या जॅकेटात ७० ग्रॅमपेक्षा फार जास्त डाउन असूच शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. कापड २० डेनियरचं असेल तर आणखी कमी.

८०० च्या आसपासच्या प्रतीचा ढोबळ हिशेब असा: ५० ते ७० ग्रॅम म्हणजे थंड संध्याकाळपुरतं किंवा शेलच्या, म्हणजे वारा-पाऊस अडवणाऱ्या वरच्या पातळ जॅकेटाच्या, आत घालायचं जॅकेट. १०० ते १३० ग्रॅम म्हणजे ट्रेकमध्ये थांब्यावर आणि मुक्कामाला चालणारं. रात्री गोठणबिंदूच्या खाली बराच वेळ बसून काढायचा असेल तर १५० ग्रॅमच्या पुढे बघा.

सिंथेटिक जॅकेटवर ‘६० ग्रॅम’ लिहिलंय. हे डाउनच्या ६० ग्रॅमइतकंच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डाउनचे ग्रॅम म्हणजे पूर्ण जॅकेटातलं भरण. सिंथेटिकचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंच्या भरणाचे, ग्रॅम दर चौरस मीटरला असतात. थराची ती जाडी झाली, एकूण वजन नव्हे. ४० म्हणजे अगदी पातळ, ६० ते ८० ट्रेकसाठी नेहमीचं, १०० च्या पुढे मुक्कामाचं. बऱ्याच जॅकेटांत धडाला ८० आणि बाह्यांना ६० किंवा ४० असतं, आणि जाहिरातीत फक्त मोठा आकडा येतो. बाह्यांचा आकडा वेगळा विचारा.

डाउन घ्यावं की सिंथेटिक?

तुम्ही जॅकेट चालताना घालणार की थांबल्यावर, यावर ते ठरतं.

तितक्याच वजनात डाउन जास्त ऊब देतं, मुठीएवढं दाबलं जातं आणि नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं फुगत राहतं. ओलं झालं की मात्र पिसं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसतं भिजलेलं कापड उरतं. पाऊसच हवा असं नाही. जॅकेट घालून तासभर चढलात तर घामाची वाफही तेच करते. पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेलं डाउन ओलं व्हायला जास्त वेळ घेतं, पण शेवटी तेही ओलं होतंच.

सिंथेटिक भरण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवतं, लवकर वाळतं, घरी धुताना धाकधूक नसते. प्राइमालॉफ्ट हे नावाजलेलं सिंथेटिक भरण मुळात अमेरिकी सैन्याला डाउनचा पर्याय हवा होता म्हणून १९८० च्या दशकात तयार झालं, आणि गरज हीच होती: भिजल्यावरही चालणारं भरण. उणी बाजू अशी की वारंवार दाबल्याने त्याचे तंतू मोडतात आणि गेलेला फुगवटा परत येत नाही.

तिसरा प्रकार ‘अ‍ॅक्टिव्ह इन्सुलेशन’चा. पोलारटेक अल्फा हे त्यातलं ओळखीचं नाव. भरण आणि कापड दोन्ही हवा खेळू देणारं, त्यामुळे चढतानाही अंगावर राहू शकतं. पण वारा सुटला की वरून शेल लागतंच. सवलतीत असलं जॅकेट स्वस्त दिसलं म्हणून मुक्कामाचं एकमेव गरम कपडा म्हणून घेऊ नका.

कोरडी थंडी आणि थांब्यावरचा वापर असेल तर डाउन. दमट हवा, रिमझिम, सतत चालणं असेल तर सिंथेटिक. एकच घ्यायचंय आणि ठरत नाहीये, तर सिंथेटिक घेऊन चूक झाली तर ती कमी महाग पडते.

‘उणे १० अंशांपर्यंत आरामदायक’ हा दावा किती खरा मानायचा?

जवळपास शून्य. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ ही ठरलेली चाचणी आहे, म्हणून दोन बॅगांच्या तापमानाची तुलना करता येते. ट्रेकिंग जॅकेटांवर छापलेलं तापमान सहसा अशा सामाईक चाचणीतून आलेलं नसतं. शिवाय ओझं घेऊन चढणारा माणूस बसलेल्या माणसाच्या पाच-सहापट ऊर्जा खर्च करतो. चढताना जे जॅकेट नकोसं होतं त्यातच माथ्यावर बसल्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. तापमान लिहायचंच तर ‘काय करताना’ हेही लिहायला हवं, ते कोणी लिहीत नाही.

आपला अंदाज आपण बांधावा. दर १,००० मीटर चढाईला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याला १,००० मीटरवर १० अंश असतील तर ३,००० मीटरवर उणे ३ च्या आसपास. त्यात वारा धरा. मग आत काय घालणार, वर शेल आहे का, आणि किती वेळ स्थिर बसणार, हे मोजा.

कंपन्या सूट देतातच कशाला? मालात काही खोट असते का?

बहुतेक वेळा नसते. रंग खपला नाही, नवं मॉडेल आलं, टोकाची मापं उरली, हंगाम संपला, एवढीच कारणं असतात. भडक केशरी किंवा शेवाळी जॅकेट तितकंच ऊबदार असतं, आणि रंगाचा हट्ट सोडणाऱ्याला सेलमध्ये सगळ्यात चांगला माल मिळतो.

जपायचं ते दोन प्रकारांपासून. काही ब्रँड सवलतीच्या दुकानांसाठी वेगळा, हलक्या प्रतीचा माल बनवून घेतात. नाव-बिल्ला तोच, भरण वेगळं. दुसरं म्हणजे जुनं मॉडेल आणि नवं मॉडेल एकाच नावाने विकलं जातं. तुम्ही कौतुक वाचता नव्याचं आणि घरी येतं जुनं. आत बाजूच्या शिवणीत शिवलेल्या लेबलावर स्टाइल नंबर असतो. तो शोधून भरण, वजन आणि कापड जुळवा.

छापील किंमत विसरून जा. गेल्या काही महिन्यांत हेच जॅकेट किती वेळ आणि किती किमतीला विकलं गेलं ते बघा. वर्षातले दहा महिने ‘सवलतीत’ असलेल्या वस्तूची तीच खरी किंमत.

‘डाउन फील’, ‘डाउन अल्टरनेटिव्ह’ म्हणजे काय?

पॉलिएस्टर. वाईट नाही, पण डाउनच्या किमतीत घेऊ नये. घटकांचं लेबल वाचा. ९०/१० म्हणजे ९० टक्के डाउन आणि १० टक्के पिसं, म्हणजे मधला काडीसारखा दांडा असलेली. ५०/५० दिसलं तर ते जड भरेल, दांडे कापडातून टोचून बाहेर येतील. कप्पा चिमटीत धरून चोळा: बारीक काड्या भरपूर लागल्या तर समजून घ्या.

कापडाचे डेनियर किती असावेत?

९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ७ ते १० डेनियरचं कापड तळहातावर घेतलं तर पलीकडची बोटं दिसतात. ते सुंदर हलकं असतं आणि काटेरी झुडपाला, खडकाच्या धारेला किंवा हातमोज्याच्या वेल्क्रोला एका ओरखड्यात हार जातं. २० डेनियरचं जॅकेट थोडं जड असतं, पण झाडीतून, घसाऱ्यावरून जाणाऱ्यांनी तेच घ्यावं. शेकोटीजवळ दोन्ही सारखीच: एक ठिणगी, एक भोक. नायलॉन वितळतं.

टिपांच्या रेघांतून वारा लागतो, हे खरं का?

खरं. बहुतेक हलक्या जॅकेटांत बाहेरचं कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवलेलं असतं, गोधडीसारखं. जिथे टीप तिथे भरण शून्य, आणि सुईच्या भोकांतून वाराही शिरतो. एडी बाउअरने १९३६ मध्ये आणलेलं स्कायलायनर हे शिवलेल्या कप्प्यांचं डाउन जॅकेट होतं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तेव्हापासून शिवणीचा हा दोष माहीत आहे, पण हलकेपणासाठी तो सोसला जातो. यावर उपाय म्हणजे वरून वाराविरोधी शेल. जड जॅकेटांत दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या लावून खरे डबे बनवतात, त्यात अशी थंड रेघ उरत नाही.

कप्पे फार अरुंद, बोटभर असतील तर रेघा जास्त आणि फुगवटा कमी. फार रुंद असतील तर डाउन खाली घसरून वरचा भाग रिकामा पडतो.

जॅकेट घरी आलं. परत करायच्या मुदतीत काय काय तपासू?

टॅग कापू नका, बाहेर घालून जाऊ नका. बाकी एवढं करा.

आधी जोरात झटकून हँगरवर रात्रभर लटकवा. महिनोन् महिने खोक्यात दाबलेलं डाउन लगेच फुगत नाही, त्यामुळे पिशवीतून काढल्या काढल्या नाराज होऊ नका. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. तुमचं माप छापील मापापेक्षा मोठं असेल तर थोडं जास्त भरणारच. पण मध्यम मापाचं जॅकेट छापील वजनापेक्षा ३० ग्रॅमने कमी भरलं तर कापड तितकं बदललं नसणार, भरणच कमी असेल.

मग खोलीत अंधार करून जॅकेटाच्या आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकेक कप्पा बघा. भरलेला कप्पा सावलीसारखा गडद दिसतो, रिकामा लख्ख. खांद्याचा वरचा भाग, काखेची बाजू आणि बाहीची कोपराजवळची घडी या तीन ठिकाणी बहुतेक खोट सापडते. एखाद्या कप्प्यात भरण एका कोपऱ्यात गोळा झालं असेल तर दोन बोटांनी थोपटून पसरवा. पसरलं तर ठीक. दोन-तीन कप्पे तरीही अर्धे लख्ख राहिले तर परत करा, कारण तिथे तितकं भरलेलंच नाही.

चेन दहा वेळा वर-खाली करा, त्यातल्या चार वेळा एका हाताने, हातमोजा असेल तर तो घालून. चेनच्या मागची वारा अडवणारी पट्टी दातांत अडकते का बघा. अडकत असेल तर थंडीत, घाईत ती रोज अडकेल आणि एक दिवस पातळ कापड फाडेल.

आत फ्लीस घालून जॅकेट चढवा, वर शेल घाला. हात डोक्यावर न्या: खालची कड कमरेच्या वर सरकली तर सॅक घातल्यावर पाठ उघडी पडणार. वाकून बुटाची नाडी बांधा. पाठीवर कापड ताणलं गेलं तर भरण दाबलं जातंय, आणि दाबलेलं भरण ऊब देत नाही.

शेवटी बाहीवर चमचाभर स्वच्छ पाणी टाका. थेंब मोत्यासारखे घरंगळायला हवेत. कापड लगेच गडद झालं तर वरचा पाणी झटकणारा लेप उतरलाय. हे एकटं परत करायचं कारण नाही, फवाऱ्याने लेप पुन्हा देता येतो. पण तो खर्च किमतीत धरा. वासही घ्या. कुबट वास म्हणजे माल ओलाव्यात राहिलाय. तो घेऊ नका.

जुन्या साठ्यातलं, दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं जॅकेट खराब होतं का?

साधं डाउन जॅकेट होत नाही. चपटं झालं असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर दोन-तीन टेनिस बॉलसोबत अर्धा तास फिरवा, फुगून येतं. सिंथेटिक हँगरवर राहिलं असेल तर चांगलं, निर्वात पिशवीत दाबून ठेवलेलं असेल तर संशय घ्या.

सावध राहा ते आतून पॉलियुरेथेनचा थर असलेल्या ‘वॉटरप्रूफ इन्सुलेटेड’ जॅकेटांपासून. हा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, न वापरताही. चिकट लागणं, पापुद्रे निघणं, आंबट वास ही लक्षणं. यावर दुरुस्ती नाही.

आणखी एक: जुन्या साठ्यातल्या पाणी झटकणाऱ्या लेपात पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहज न मोडणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असण्याची शक्यता जास्त. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत मुद्दाम वापरलेल्या पीएफएएसवर निर्बंध आले आणि अनेक ब्रँडनी लेप बदलले. नवे लेप पाणी झटकतात, पण तेलकट डाग आणि मळ यांपुढे लवकर नमतात, म्हणून जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं. तुम्हाला काय नको आहे, ते तुम्ही ठरवा.

माझं माप संपलंय. एक माप मोठं घेतलं तर?

एक माप मोठं चालतं, खालची कड आणि मनगट नाडीने किंवा इलॅस्टिकने आवळता येत असेल तर. नाहीतर प्रत्येक हालचालीला आतली गरम हवा भात्यासारखी बाहेर फेकली जाते. एक माप लहान, कितीही स्वस्त असलं तरी, नको.

हुड हवाच का?

मुक्कामाच्या जॅकेटाला हवा. ५० ग्रॅमच्या आसपास वजनात मान, कान आणि डोकं तिन्ही झाकली जातात.

धुणं किती कटकटीचं आहे?

डाउनचं थोडंफार. डाउनसाठीचा वेगळा साबण, समोरून उघडणारं यंत्र, ३० अंश, हलकं चक्र, दोनदा खळबळणं. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर पिसांवर बसतो. मध्ये दांडा फिरणारं यंत्रही नको: भिजलेलं डाउन जड होतं आणि आतल्या शिवणी उसवतात. त्याच कारणाने ओलं जॅकेट खांद्याला धरून उचलू नका, खालून दोन्ही हातांवर घ्या. मग ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, टेनिस बॉलसोबत, दोन-तीन तास. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून गुठळ्या बोटांनी मोडा. वरून कोरडं लागलं तरी गुठळी जाणवत असेल तर आत ओल आहे. नुसतं दोरीवर वाळवलं तर आतलं भरण दिवसेंदिवस ओलसर राहतं आणि कुबट वास धरतं.

ड्रायरची सोयच नसेल तर सिंथेटिक घ्या. जॅकेट निवडताना ही बाब कोणी विचारात घेत नाही आणि पहिल्या धुण्याला घोडं अडतं.

वापरलेलं जॅकेट नव्यापेक्षा निम्म्यात मिळतंय. घेऊ का?

डाउन असेल तर टॉर्चची चाचणी करून जरूर घ्या. सिंथेटिक असेल तर कप्पा मुठीत दाबून सोडा. कागदासारखा चपटा राहिला तर ते आता फक्त वारा अडवणारं कापड आहे. कॉलर आणि मनगटावर तेलकट काळपटपणा असेल तर तिथलं डाउनही तेलाने बसलेलं असतं, ते धुतल्यावर बरंचसं सुधारतं.

शिवणीतून पिसं बाहेर येतायत. परत करू का?

पहिल्या काही वापरांत एखाद-दुसरं येणं नेहमीचं. बाहेर आलेलं पीस ओढू नका, ओढलं की भोक मोठं होतं आणि मागोमाग दुसरं येतं. आतल्या बाजूने कापड चिमटीत धरून ते परत आत खेचा आणि भोकावर बोट चोळा, विण बऱ्यापैकी मिटते. एकाच टिपेवरून रोज येत असतील तर सुई जाड वापरलीय, ते जॅकेट मुदतीतच परत करा. लहान फाटलं तर गोल कोपरे कापलेली नायलॉनची चिकटपट्टी लावा. चौकोनी तुकड्याचे कोपरे सॅकच्या पट्ट्याखाली आठवड्यात उचलून येतात.